मक्याच्या रानात

पोरगी वाकली आणि मला कळलं, आता काहीतरी होणार.

चार-पाच वर्षांची असेल. पिवळा रेनकोट, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. रस्त्याकडेच्या झाडाखाली तपकिरी, गुळगुळीत बोंडं पडली होती. लिंबाएवढी, दगडासारखी टणक. थंडीच्या तोंडावर जर्मनीतली सगळी पोरं ही बोंडं पिशव्या भरभरून गोळा करतात, त्यांना काड्या खोचून घोडे करतात. हे मला नंतर कळलं. त्या दुपारी मला एवढंच दिसलं की पोरगी वाकली, तिनं जमिनीवरून काहीतरी उचललं आणि हात वर करून ती माझ्या कुत्रीकडे, मुक्कीकडे पळत आली. दाखवायला.

दाखवायला वर केलेला हात मुक्कीनं जन्मात पाहिला नव्हता.

आपल्याकडच्या कुत्र्याला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. माणूस वाकला की दगड येणार. हातात दगड नसला तरी चालतं; नुसतं वाकायचं, कुत्रं शेपूट घालून पळतं. मी मुक्कीला घेऊन ज्या देशात आलो, तिथं माणसं दिवसभर वाकतात. कुत्र्याची घाण पिशवीत भरायला वाकतात, पोराचं नाक पुसायला वाकतात, बुटाची नाडी बांधायला वाकतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, कुत्रं दिसलं की लाडानं वाकतात. आमच्या खालच्या मजल्यावर कोल्ब नावाचा म्हातारा राहायचा. रोज सकाळी जिन्यात तो मुक्कीसाठी गुडघे मोडून वाकायचा, आणि रोज सकाळी मुक्की जिन्यातच मुतायची.

"पुसून घे," केशर म्हणायची, "आन् त्याला हसून दाखव."

"त्याला सांग ना, वाकू नको म्हणून."

"काय सांगू? आमच्याकडं वाकलेला माणूस मारतो, असं सांगू? त्याला काय वाटंल आपल्या देशाबद्दल?"

"जे हाय ते वाटंल."

केशर माझी बायको. नर्स. तिथल्या एका दवाखान्यात म्हाताऱ्यांच्या वॉर्डात तिला नोकरी मिळाली, म्हणून आम्ही गेलो. तिच्यामागं मी, माझ्यामागं मुक्की. माझं नाव जामीन काळे. ज्या दिवशी बापाला जामीन मिळाला त्या दिवशी मी जन्मलो, म्हणून जामीन. आम्ही पारधी, नगर जिल्ह्यातले. हे वाचून ज्यांना पाकीट चाचपावंसं वाटलं असेल त्यांनी चाचपून घ्यावं, मी थांबतो.

मुक्की ही माझ्या आईच्या पालावरच्या शेवटच्या कुत्रीचं पिल्लू. आमची कुत्री भुंकत नाहीत. पालावर भुंकणारं कुत्रं गावाला पाल कुठं आहे ते सांगतं. म्हणून पिल्लू भुंकलं की त्याचं तोंड हातानं दाबायचं, पुन्हा भुंकलं की पुन्हा दाबायचं. थोड्या दिवसांत ते गप्प राहायला शिकतं. मुक्कीला तिकडं न्यायचं तर इंजेक्शनं, रक्ताची तपासणी, मानेत चिप आणि निळ्या रंगाचा पासपोर्ट. माझी आई रेशनकार्डाची वाट बघत मेली. मुक्कीला पासपोर्ट मिळाला.

तर पोरगी हात वर करून पळत आली. एरवी मुक्की पळाली असती. पण तिची दोरी बाकड्याच्या पायाला गुंडाळली गेली होती. तिनं एकदा हिसका दिला, दुसऱ्यांदा दिला. पळायला जागा नाही म्हणल्यावर ती उलटली. मला फक्त दात दिसले. पिवळ्या रेनकोटाची बाही टरकन फाटली, पोरगी तोंडावर आपटली, आणि उठून बसली तेव्हा तिच्या ओठांवर, हनुवटीवर रक्त होतं. तिनं आधी आवाजच काढला नाही. मग असा काढला की रस्त्यापलीकडच्या तारांवरचे पक्षी उडाले.

तिची आई मागून येत होती. ती ओरडत धावली.

केशरनं मला माफी मागायचा जर्मन शब्द शिकवला होता. बारा गावं फिरून येतो असा लांब शब्द. त्या वेळी त्याचं पहिलं अक्षरसुद्धा तोंडात आलं नाही. मी दोरी सोडवली, मुक्कीला काखेत मारलं आणि रस्त्याकडेचा चर ओलांडून मक्यात शिरलो. पाठीमागं त्या बाईच्या तोंडचा एकच शब्द मला समजला. पोलित्साय. तो शब्द जगात कुठल्याही भाषेत समजतो.

मका डोक्याच्या वर होता. वाळलेली पानं गालांना कापत होती. मी वाकून, ओळी बदलत, आत आत गेलो. एक बूट चिखलात रुतून तिथंच राहिला. मध्यावर आलो असं वाटल्यावर खाली बसलो, मुक्कीला दोन गुडघ्यांच्या मध्ये धरलं आणि तिचं तोंड दाबलं. गरज नव्हती. ती भुंकत नाही. तरी दाबलं.

पोरीचा चेहरा फाडलाय. माझ्या डोक्यात एवढंच. गोऱ्या पोरीचा चेहरा. आता मुक्कीला सुई देऊन मारणार. मला आत टाकणार. मग केशरला विचारणार, तुझा नवरा कोण, कुठला, आधी काय काय केलंय त्यानं. आणि कुणीतरी तिकडं फोन लावणार, आणि तिकडचा कुणीतरी साहेब चहा पीत सांगणार की काळे ना, पारधी, हां हां. केशरनं आश्रमशाळेतल्या जेवणातल्या अळ्या वेचून काढत जे जे मिळवलं, ते सगळं एका बाहीबरोबर फाटणार.

कुठंतरी इंजिन चालू होतं. येताना मी ते पाहिलं होतं. रानाच्या पलीकडच्या टोकाला हिरवं, घराएवढं मशीन. मका कापून, त्याची बारीक कुट्टी करून शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत उडवत होतं. त्याचा आवाज हळूहळू मोठा होत होता. मला त्या आवाजाचा आधार वाटला. आवाज असला की श्वास ऐकू जात नाही. जमीन थरथरायला लागली होती, आणि मी मुक्कीच्या कानात म्हणालो, "येऊ दे, येऊ दे, चांगलंय."

मग मशीन एकदम बंद पडलं.

तेव्हा मी खरा घाबरलो. लपलेल्या माणसाला शांतता कशासाठी केली जाते ते माहीत असतं. ऐकण्यासाठी. मक्याच्या पानांचा आवाज, गाडीची दारं आपटल्याचा आवाज, एक दार, दुसरं दार. माणसांचे आवाज. एक-दोन नाहीत, पुष्कळ. मग टाळ्या.

मी पोटावर पडून मक्याच्या बुडांमधून बघितलं. लांबवर, रानाच्या कडेला, पाय दिसत होते. रांगेनं. एका हाताच्या अंतरावर एक. भगव्या विजारीतले, पिवळ्या विजारीतले, रबरी बुटांतले. टाळ्या वाजवत, ओरडत, मक्याची ताटं बडवत रांग आत येत होती.

हाका घातला होता.

जन्मभर शिकार करणाऱ्या माणसांत वाढलोय मी. हाका म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. माणसं ओळीनं उभी करायची, आरडाओरडा करत रान झाडत पुढं यायचं. जनावर भिऊन पळतं आणि पलीकडं जाळी लावून बसलेल्यांच्या हातात सापडतं. माझा आजा सांगायचा, हाक्यात पळतं ते मरतं. बसून राहतं ते वाचतं, माणसाचा पाय अंगावर पडला तरी बसून राहतं ते. मी त्याचं ऐकत होतो ते हाका घालणाऱ्यांच्या बाजूनं. आत बसलेल्याच्या बाजूनं ते कसं ऐकू येतं, ते त्या दिवशी कळलं.

रांगेत एका ठिकाणी मला ओळखीचे पाय दिसले. कोल्ब म्हाताऱ्याचे करडे लोकरी बूट, जे तो जिन्यात घालतो. हातात काठी. काल त्यानं आमच्या दाराशी प्लमच्या केकचा तुकडा ठेवला होता, वर कागदी रुमाल झाकून. आज काठी घेऊन आलाय. म्हणजे गाव उठलंय. मला नवल वाटलं नाही. गावं अशीच उठतात. संध्याकाळी ताक देणारी माणसं सकाळी कुऱ्हाडी घेऊन येतात, आमच्या पालानं हे पाहिलेलं आहे.

भोंग्यातून आवाज आला. पुरुषाचा, जर्मन. सगळं वाक्य डोक्यावरून गेलं, त्यातला हुंड तेवढा कळला. हुंड म्हणजे कुत्रं. मुक्कीचं अंग विटकरीसारखं कडक झालं होतं. मी दाब वाढवला.

मग भोंगा खरखरला आणि केशरचा आवाज आला.

"जामीन. बाहेर ये. कोणी काही करणार नाही तुला."

मऊ. समजुतीचा. एकेक शब्द वेगळा करून.

"बाहेर ये. सगळे चांगले लोक आहेत. कोणी काही करणार नाही."



मी सात वर्षांचा होतो. ज्वारीत माझा बाप, आबा, लपला होता आणि आबाच्या मांडीखाली मी. त्यानं माझं तोंड दाबलं होतं, असंच, दोन्ही हातांनी. चोरी कुठल्या तरी वाड्यावर झाली होती. ती आम्ही केली नव्हती, पण आम्ही जवळ होतो. आम्ही जवळ असलो की पुरतं. पोलिसांनी आईला आणून जीपजवळ उभं केलं आणि हाक मारायला लावली. माझी आई आबाला जन्मात कधी नीट बोलली नव्हती. मेल्या, मुडद्या, रांडेच्या, हीच त्याची नावं. त्या दिवशी बांधावरून तिचा आवाज आला तो मधासारखा. "या बाहेर. काही करत नाहीत. साहेब चांगले आहेत." आबा माझ्या कानाशी म्हणाला, "धरलंय तिला." त्याला कळलं होतं. तरी त्यानं माझ्या तोंडावरचा हात काढला, मला तिथंच दाबून बसवलं आणि उठून उभा राहिला. तिला धरलंय म्हणून उभा राहिला. दोन दिवसांनी त्याला ठाण्यातून चादरीत गुंडाळून दिलं. कागदावर लिहिलं होतं, हृदय बंद पडलं. पारध्यांची हृदयं फार नाजूक असतात. घाटात, रानात, उपाशी पोटी चालतात. ठाण्यात गेली की बंद पडतात.

आता तीच वाक्यं. तसाच आवाज. केशरसुद्धा मला असं कधी बोललेली नव्हती.

धरलंय तिला.

उठावं की बसावं? आबा उठला, त्यानं आई सुटली नाही. तिला त्यांनी नंतरही चार दिवस ठेवलं. बसलो तर केशरचं काय करतील? उठलो तर मुक्कीचं काय? मला वाटलं, मुक्कीला सोडून द्यावं, पळेल ती, एकटी पळेल. पण ती या देशात कुठं पळणार? हातांना पुढंमागं काही सुचेना, म्हणून ते नुसते आवळत राहिले. मुक्कीचे मागचे पाय चिखल खरवडायला लागले तेव्हा मला दिसलं, तिचे डोळे पांढरे झालेत. मी तिचं नाकसुद्धा दाबून धरलं होतं. मी बोटं सैल केली. तिनं हवा ओढली, तिचा आवाज एखाद्या माणसासारखा आला.

रांग जवळ येत होती. भोंगा गप्प होता. आणि मग एकदम:

"आरं ए मुडद्या!"

मुक्कीचे कान उभे राहिले.

"कानात बोळे घातलेत का रं, भाड्या? तिथं वॉर्डात म्हातारं साबण लावून बसवलंय मी, उघडंबंब, आन् हितं तुझी वरात बघायला आले! चावली नाय मुक्की! बाहीला दात लागलाय नुस्ता! पोरगी आपटली तवा ओठ फुटला, ती बसलीय हितं बिस्कीट खात! आन् तू मक्यात जाऊन बसलायस, मशिनीच्या तोंडात! कुट्टी झाली आसती तुझी, कुट्टी! गुरांनी खाल्लं आसतं तुला, आन् गुरं मेली आसती! भाईर ये! येतो का मी येऊ आत चप्पल घिऊन?"

शिव्या आमच्या बोलीत होत्या. इथं मराठीत देतोय, म्हणून धार निम्मी गेलीय. एक-दोन तर देताच येत नाहीत. सगळ्या रानावरून, चर्चच्या मनोऱ्यावरून, त्या स्वच्छ लाल कौलांवरून माझ्या बायकोच्या शिव्या घुमत होत्या, आणि मक्यात पालथा पडलेला मी रडायला लागलो.

धरलेली बाई शिव्या देत नाही.

मी उठलो. दोरी कमरेला बांधली, दोन्ही हात वर केले आणि एका बुटावर, लंगडत, रांगेच्या दिशेनं चाललो. मक्याची दोन ताटं बाजूला झाली आणि समोर कोल्ब. त्यानं काठी टाकली आणि मला मिठी मारली. म्हाताऱ्याला धाप लागली होती. तो काहीतरी म्हणत होता, सारखं तेच तेच. मी हात वरच ठेवले होते, मिठीतसुद्धा.

बाहेर आलो. तेव्हा ते मशीन दिसलं. मी बसलो होतो तिथून ते जवळ होतं. फार जवळ. त्याच्या तोंडाशी पाती होती, माणसाच्या छातीच्या उंचीवर नाहीत, खाली, बसलेल्या माणसाच्या मानेच्या उंचीवर. मशीनवाला एक धिप्पाड माणूस, पायरीवर बसून सिगरेट पेटवायला बघत होता; काडी पुन्हा पुन्हा विझत होती. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

केशर पोलिसांच्या गाडीजवळ होती. दवाखान्याचा पांढरा पोशाख, बाह्या ओल्या. तिच्याजवळ दोन पोलीस, एक बाई, एक बाप्या.

"हात खाली घे," ती म्हणाली.

"त्यांनी सांगितलं का?"

"मी सांगतीय."

मी हात खाली घेतले. कुणी मारलं नाही. मी वाट बघत होतो, पण मारलं नाही.

"तिनं फोन केला ना पोलिसांना?" मी त्या पोरीच्या आईकडं न बघता विचारलं. ती तिथंच होती, पोरीला मांडीवर घेऊन. पोरीचा ओठ सुजला होता आणि ती मुक्कीकडं बघत खरंच बिस्कीट खात होती.

"तिनंच केला. माणूस मक्यात गेलाय, मशीन चालू हाय, थांबवा म्हणून. पोर रडत टाकून ती बांधावरनं मशिनीमागं पळाली म्हणं, गळ्यातला स्कार्फ हालवत. मशीनवाल्याला आवाज जाईना. मग ही सगळी माणसं गोळा झाली तुला काढाया. तू दिसंना कुठं."

"हाका घातला होता."

"काय?"

"काय नाय."

बाप्या पोलिसानं वही काढली. तो तरुण होता, भुवया पिवळ्या. त्यानं केशरला काहीतरी विचारलं आणि माझ्याकडं बोट केलं. मला शब्द कळले नाहीत, प्रश्न कळला. हा पळाला का?

केशरनं माझ्याकडं पाहिलं. मग ती बोलायला लागली, सावकाश, नीट व्याकरणात, वॉर्डात डॉक्टरशी बोलते तशी. पोलीस मान हलवत होता. मध्येच पोलीसबाई हसली आणि मुक्कीकडं बघून "ओह" म्हणाली.

"काय सांगितलंस?"

"कुत्री नवी हाय म्हणलं. तिला अजून सवय नाय. भिली आन् पळाली."

"आन् मी?"

"तू तिच्यामागं. दोरी तुझ्या हातात होती ना, ओढत नेलं तिनं तुला."

मुक्कीचं वजन माझ्या एका मांडीएवढं नव्हतं. पोलिसानं तिच्याकडं पाहिलं, माझ्या चिखलानं भरलेल्या मोज्याकडं पाहिलं, आणि वहीत लिहिलं. आमच्याबद्दल पोलिसांनी खोटं लिहिलेलं मी पुष्कळ पाहिलंय. त्यातलं हे पहिलं, ज्यानं कुणी मेलं नाही.

गाडी गेली. लोक पांगले. कोल्ब माझा बूट शोधायला पुन्हा मक्यात शिरला, नको नको म्हणत असताना. मशीनवाला अजून पायरीवरच होता.

मग केशर रस्त्याच्या कडेला खाली बसली, ओल्या गवतात, पांढऱ्या पोशाखासकट, आणि उठेना. मी शेजारी बसलो. 

"शिव्या भोंग्यातून द्यायच्या का?" मी म्हणालो. "अख्ख्या गावानं ऐकल्या."

"कुणाला कळतंय," ती म्हणाली. तिनं गवताचं एक पातं उपटलं. मग म्हणाली, "पहिल्यांदा बोलले ना मी. पोलीसबाई म्हणली, शांतपणे बोल, तो घाबरलाय. म्हणून मी शांतपणे बोलले. आन् माझ्याच तोंडातून मला आत्याबाईंचा आवाज आला."

आत्याबाई म्हणजे माझी आई; आबाची गोष्ट तिनंच केशरला सांगितली होती, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात.

"तवा कळलं," केशर म्हणाली, "आता हा काय भाईर येत नाय."